लेकराशेजारची जागा

आई-बाबांनो, अम्मी-अब्बूंनो,

पालकसभेत मार्कांचं बोलणं उरकलं की दोन-चार जण दाराशी रेंगाळतात. आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, आमचं लेकरू ते राक्षसांचं कार्टून बघत बसतं. जेवताना तेच, झोपताना तेच. काय असतं हो एवढं त्याच्यात?" या प्रश्नामागची काळजी खरी आहे, म्हणून आज त्याचं सविस्तर उत्तर द्यायचं आहे. आपल्या खुलताबादेत कितीतरी आई-वडील दिवसभर शेतात, वेरूळच्या रस्त्यावरच्या दुकानात नाहीतर रिक्षावर असतात. घरी येईपर्यंत अंग मोडून गेलेलं असतं आणि तोवर लेकराच्या हातात मोबाइल आलेला असतो. तुमचा दोष काढायला मी हे लिहीत नाही. त्या मोबाइलमध्ये लेकराला काय सापडलंय, ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. ते कळलं की लेकराशी बोलायला विषय मिळतो. बारा-पंधरा वर्षांच्या लेकराशी बोलायला विषय मिळणं किती अवघड असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एकदा त्याच्या रफ वहीची शेवटची पानं उघडून बघा. गणितं संपतात आणि चित्रं सुरू होतात. मोठ्या तोंडाचा, तीन-तीन नखांच्या पंजांचा, डायनासोरच्या पिल्लासारखा एक प्राणी पेन्सिलीनं गिरवून गिरवून काढलेला असतो. त्याचं नाव अगुमॉन. त्याच्या अंगाला अंग लावून एक मुलगा उभा असतो, कपाळावर मोठा गॉगल चढवलेला. माझ्या हाती आलेल्या वह्यांमध्ये ही दोघं बहुतेक वेळा अशीच जोडीनं असतात. लेकराला राक्षसाची भूल पडली आहे असं आपल्याला वाटतं, पण त्यानं काढलेलं असतं ते जोडीदाराचं चित्र. त्याला काय हवं आहे, ते त्यानं तिथेच लिहून ठेवलेलं असतं.

या राक्षसांच्या कार्टूनचं नाव डिजिमॉन, आणि हे प्रकरण एका खेळण्यापासून सुरू झालं. जपानच्या बंदाई कंपनीनं नोव्हेंबर १९९६ मध्ये 'तामागोची' नावाचं अंड्याच्या आकाराचं, मुठीत मावणारं खेळणं बाजारात आणलं. इवल्याशा पडद्यावर एक पिल्लू दिसायचं. त्याला वेळेवर भरवायचं, त्याची घाण काढायची, आजारी पडलं तर औषध द्यायचं. पुढच्याच वर्षी, जून १९९७ मध्ये, त्याच कंपनीनं लढणाऱ्या प्राण्याचं खेळणं काढलं. ते 'डिजिटल मॉन्स्टर', म्हणजेच डिजिमॉन. त्यातला एक नियम फार बोलका होता. पिल्लू मोठं होऊन कोणतं रूप घेणार, हे त्याला कसं सांभाळलं यावर ठरायचं. वेळच्या वेळी खाऊ घातलं, सराव करून घेतला, रात्री दिवा बंद करून झोपू दिलं, तर त्याचा दमदार ग्रेमॉन होऊ शकायचा. हेळसांड झाली की गोगलगायीसारखा लिबलिबीत नुमेमॉन पदरी पडायचा.

या खेळण्याच्या जोरावर ७ मार्च १९९९ रोजी जपानच्या फुजी टीव्हीवर 'डिजिमॉन अ‍ॅडव्हेंचर' ही मालिका सुरू झाली. ती तोएई अ‍ॅनिमेशननं काढली, एकूण ५४ भाग. उन्हाळी शिबिराला गेलेली सात मुलं संगणकाच्या जाळ्याआड दडलेल्या एका जगात ओढली जातात. तिथे प्रत्येकाची वाट बघत एकेक प्राणी थांबलेला असतो. आठवी मुलगी पुढे येऊन मिळते. तुमच्यातल्या तरुण पालकांना चिप्सच्या पुड्यातून निघणारे पोकेमॉनचे टाझो आठवत असतील. डिजिमॉन साधारण त्याच काळातला. पण पोकेमॉनमध्ये प्राणी पकडून गोळा करायचे असतात. डिजिमॉनमध्ये एका मुलाला बहुधा एकच जोडीदार. तो बोलतो, रुसतो, भूक लागली म्हणतो, चुकलं तर सांगतो. तो मोठं रूप घेतो तेही मुलाशी त्याचं जे नातं असतं त्याच्या बळावर. धैर्य, मैत्री, प्रेम, ज्ञान, निरागसता, सचोटी, आशा, प्रकाश असं एकेक चिन्ह एकेका मुलाला दिलेलं असतं. तो गुण मुलामध्ये खरोखर जागा झाला, की शेजारचा प्राणीही वाढतो.

हे सगळं परकं आहे, आपल्या संस्कारात बसत नाही, असं काही आजोबा मला म्हणाले. त्यांना मी वेरूळचीच आठवण करून दिली. पंधराव्या, दशावतार लेण्यात नरसिंह हिरण्यकश्यपूला भिडलेला आहे. धड माणसाचं, मुख सिंहाचं. कैलास लेण्याच्या जोत्याकडे बघा, हत्ती आणि सिंह जणू अख्खं देऊळ पाठीवर पेलून उभे आहेत. गणपतीपाशी उंदीर, कार्तिकेयापाशी मोर, महादेवापुढे नंदी. ज्या घरात अम्मी गोष्टी सांगते, तिथे हजरत सुलेमानांना दूर देशाची खबर आणून देणारा हुदहुद पक्षी असतो. माणसाशेजारी बोलता, समजता प्राणी असणं हे आपल्या लेकरांच्या कानावर फार आधीपासून पडलेलं आहे. जपानी चित्रकारांनी त्याला संगणकाचं अंगण दिलं, एवढंच.

आणि आपल्या खुलताबादचा भद्रा मारुती आहेच. मी त्याच्याकडे वारंवार येते, कारण या मालिकेचा गाभा मला त्याच्या कथेत दिसतो. मारुतीच्या अंगी बळ होतं, पण त्याचा त्याला विसर पडला होता. समुद्रकाठी सगळे वानर हताश होऊन बसले, तेव्हा म्हातारा जांबवंत त्याच्याजवळ गेला आणि तू कोण आहेस हे त्याला सांगितलं. जांबवंतानं टोमणा मारला नाही. 'बघ, तो अंगद कसा, आणि तू कसा' असं म्हटलं नाही. त्याच्यातलं बळ त्याच्याच नजरेला आणून दिलं, आणि मग ते उड्डाण झालं. हनुमान जयंतीला संभाजीनगर शहरातून रात्रभर चालत लोक खुलताबादला येतात ते त्या बळाला हात जोडायला. आपण पालकांनी जांबवंतालाही मनातल्या मनात एक नमस्कार करावा असं मला वाटतं.

आता मालिकेतल्या मुलांकडे वळूया. नावं मी मूळ जपानीच ठेवते आहे, इंग्रजी आवृत्तीत त्यातली काही वेगळी ऐकू येतात. या मुलांची घरं जरा निरखून बघा, कारण ती आपल्या गल्लीतली आहेत.

गॉगलवाला ताइची हा म्होरक्या. शत्रू बलाढ्य होत चालला, तसा तो उतावीळ झाला. आपल्या अगुमॉननं लवकर पुढचं रूप घ्यावं म्हणून त्यानं त्याच्या तोंडात खाणं कोंबलं. एवढं खाऊनही मनासारखं होईना, तेव्हा स्वतः जाऊन शत्रूच्या पुढ्यात उभा राहिला, म्हणजे मला वाचवायला तरी हा बदलेल. अगुमॉन बदलला, पण भलताच. नुसत्या हाडांचा, कुणाला न ओळखणारा स्कलग्रेमॉन झाला आणि आपल्याच माणसांवर उलटला. अंगातलं बळ संपल्यावर तो पुन्हा अगदी लहान, तान्ह्या पिल्लासारखा कोरोमॉन होऊन पडला, आणि तुझ्या मनासारखं मला जमलं नाही म्हणून त्यानंच ताइचीची माफी मागितली.

हा भाग बघताना माझ्या डोळ्यांपुढे आपली दहावीची मुलं येतात. सकाळी शिकवणी, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, रात्री घरी आल्यावर 'किती वाचलंस?' मार्क कमी पडले की ती आपल्यापाशी येऊन मान खाली घालून 'सॉरी पप्पा' म्हणतात. कोरोमॉनच्या तोंडचं वाक्य तेच आहे. आपल्या तालुक्यात आलं पिकतं, तुम्हाला मी काय सांगावं? लावल्यापासून आठ-नऊ महिने ते मातीखाली आपल्या चालीनं फुगतं. दर आठवड्याला उकरून बघणाऱ्याच्या हाती गड्डा कधी लागत नाही. ताइचीलाही पुढे हे उमगलं. त्याच्या सोबतची सोरा नावाची मुलगी संकटात सापडली, तिच्यासाठी त्यानं आपली भीती ओळखून तिच्यावर मात केली, तेव्हा अगुमॉन मेटलग्रेमॉन झाला. त्या वेळी ताइचीनं जोडीदाराला ढकललं नव्हतं. तो स्वतः आधी बदलला होता.

सोरा फुटबॉल खेळणारी मुलगी. तिची आई फुलांची पारंपरिक मांडणी शिकवते. सोराच्या पायाला दुखापत झाली, आईनं तिला सामन्याला जाऊ दिलं नाही, संघ हरला. सोरानं मनाशी पक्कं केलं, की आईला माझी पर्वा नाही, तिला फक्त स्वतःसारखी मुलगी हवी आहे. तिच्या वाट्याला आलेलं चिन्ह कोणतं, तर प्रेमाचं. ते आपल्याला कधी मिळणारच नाही असं ती धरून बसली. पियोमॉन या तिच्या पक्ष्यावर तिचा जीव जडला, त्याच्या काळजीनं तो कासावीस झाला, तेव्हा कुठे आईचं थांबवणं तिला उलगडलं. आपल्या किती आया असंच करतात! काळजी पोटात असते आणि तोंडातून फक्त 'नाही म्हटलं ना!' बाहेर पडतं. 'कबड्डीला जायचं नाही' याच्यापुढे 'तुझा गुडघा सुजलाय, मला रात्री झोप लागली नाही' एवढं एक वाक्य जोडा. लेकीला पियोमॉनची वाट बघावी लागणार नाही.

जोउ हा सगळ्यांत मोठा. वडील डॉक्टर आणि मुलानंही डॉक्टर व्हावं ही घरची अपेक्षा. परीक्षेच्या धास्तीनं तो सदा घाबरा, सदा नियमांना धरून. त्याला जोडीदार मिळाला गोमामॉन, पाण्यात डुंबणारा, थट्टेखोर, कशाचंच ओझं न घेणारा. या मालिकेला जोडून पुढे आलेल्या दुसऱ्या मालिकेच्या शेवटी मोठेपणीचा जोउ दिसतो. तो डॉक्टर होतो, पण डिजिमॉनांचा! घरचं स्वप्न आणि स्वतःचा जीव जिथे रमतो ती जागा, दोन्ही त्यानं एकत्र आणलं. नीटच्या फॉर्मवर सही करण्याआधी ही गोष्ट लेकराबरोबर बसून बघावी, असं मी अकरावीच्या पालकांना आवर्जून सांगते.

कोउशिरो संगणकातून डोकं वर न काढणारा, घरातही परक्यासारखा आदबीनं बोलणारा. आपण दत्तक आहोत, हे त्यानं आई-वडिलांचं बोलणं चोरून ऐकल्यावर कळलेलं असतं. ते कुणाला सांगता येईना, म्हणून तो यंत्रात शिरला. पुढे आई-वडील त्याला समोर बसवून सगळं सांगतात. त्याचे जन्मदाते अपघातात गेले, आणि यांचं स्वतःचं बाळही दगावलं होतं. सगळे रडतात, आणि त्या घरातला परकेपणा विरघळतो. तुमचं लेकरू एकाएकी मोबाइलमध्ये फार बुडालं असेल, तर हातातून मोबाइल ओढण्याआधी घरात त्यानं अर्धवट काय ऐकलंय याचा विचार करा. सावकाराचं देणं, आजीचं आजारपण, आई-बाबांची भांडणं. लेकरं आपल्याला वाटतं त्याहून जास्त ऐकतात, आणि अर्धवट ऐकलेल्याची भीती पुऱ्या सत्यापेक्षा मोठी असते.

यामातो आणि ताकेरू सख्खे भाऊ, पण आई-वडील विभक्त झाल्यामुळे थोरला वडिलांकडे आणि धाकटा आईकडे. थोरला स्वयंपाकही करतो आणि धाकट्याला जपताना स्वतः आतून एकटा पडत जातो. आपल्या वर्गातही अशी लेकरं असतात. कुणी मामाकडे राहतं, कुणाचे वडील ऊसतोडीला गेलेले असतात. शहाणी, समजूतदार म्हणून त्यांचं कौतुक होतं, आणि त्या कौतुकाखाली त्यांचं लहानपण दबून जातं. अशा लेकराला अधूनमधून हट्ट करू द्या.

२००१ साली आलेल्या 'डिजिमॉन टेमर्स'मध्ये जुरी नावाची मुलगी आहे. तिची आई आधीच वारलेली. तिचा जोडीदार लिओमॉन तिच्या डोळ्यांदेखत मारला जातो, आणि ती अशी खचते की तिच्या दुःखावर एक संहारक शक्ती पोसली जाते. मुलांच्या कार्टूनमध्ये मरण कशाला, असं तुम्ही विचाराल. आपल्या घरात माणूस गेलं की लेकरांना शेजारी पाठवतो, 'आजी देवाघरी गेली' एवढं सांगतो आणि विषय बंद करतो. लेकरू मात्र महिनोन् महिने एकटंच त्या जागी थांबून राहतं. जुरीची गोष्ट बघून आजीविषयी बोलणारी मुलगी मी पाहिली आहे. तिला रडायला निमित्त हवं होतं, ते तिला तिथे मिळालं.

२००६ ची 'डिजिमॉन सेव्हर्स', जी इंग्रजीत 'डेटा स्क्वॉड' म्हणून ओळखली जाते, ती नेमकी आपल्या आठवी-नववीच्या मुलांच्या वयाची आहे. चौदा वर्षांचा मासारू, अंगात रग, हाताच्या मुठी सतत आवळलेल्या. वडील तो लहान असताना नाहीसे झालेले. घरी आई आणि धाकटी बहीण. त्याला भेटलेला अगुमॉन त्याला दादा मानतो. मला या मालिकेतली आई फार आवडते. दांडगट मुलगा एक अजब प्राणी घरी घेऊन येतो, आणि ती त्या प्राण्यालाही ताटावर बसवते. तिच्या हातचं अंड्याचं ऑम्लेट अगुमॉनचा जीव की प्राण. मुलाचा मित्र आपल्याला विचित्र वाटला, तरी त्याला घरात घेऊन खाऊ घालावं. मग मुलगा कुणाबरोबर असतो हे आपल्याला आपोआप कळतं. ज्या मित्राला उंबरठ्यावरून परत पाठवलं, तो मित्र सुटत नाही, फक्त आपल्या नजरेआड जातो.

आता काळजीच्या गोष्टी. मालिका चांगली असली म्हणून दिवसभर बघावी असं होत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सोपी आहेत. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा अजिबात नको. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पाच ते दहा वर्षांच्या मुलाला दोन तासांच्या आत. त्यापुढच्या मुलांनी झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांबरोबरचा वेळ सांभाळून बघावं. डिजिमॉनचा एक भाग साधारण वीस-बावीस मिनिटांचा असतो. म्हणून 'अर्धा तासच बघ' असं म्हणण्यापेक्षा 'एक भाग बघ, पूर्ण बघ' असं ठरवावं. गोष्ट मध्येच तोडली की भांडण होणारच. भाग संपल्यावर पुढचा आपोआप सुरू होतो, ती सोय मोबाइलमध्ये बंद करून ठेवता येते.

उजेडाचीही काळजी घ्या. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाचा वेगानं लखलखाट दाखवला गेला, आणि ६८५ मुलांना झटके, चक्कर, मळमळ अशा त्रासानं रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर जपानी वाहिन्यांनी अशा दृश्यांवर नियम घातले. तरीही काळोख्या खोलीत पांघरुणात तोंड खुपसून मोबाइल बघणं टाळायलाच हवं. दिवा लावलेला असावा आणि पडदा हातभर लांब. लेकराला कधी फिट आलेली असेल, तर लखलखाटाची दृश्यं दाखवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

धाकट्या भावंडांचं भान ठेवा. २०२१ मध्ये सुरू झालेली 'डिजिमॉन घोस्ट गेम' भुताटकीच्या गोष्टींची आहे. नववीतल्या दादाला ती मजेची वाटेल, पण शेजारी बसलेली पहिलीतली मुन्नी रात्री दचकून उठेल. आणि पैशांचं सांभाळा. अशा मालिकांच्या नावावर मोबाइलमध्ये खेळ असतात, आणि त्यांत दुर्मीळ प्राणी मिळवायला पैसे भरायला लावतात. फोनवरच्या पैशांच्या अ‍ॅपचा पिन लेकराला सांगू नका, आणि 'फुकट डिजिमॉन मिळेल' म्हणून आलेल्या लिंकवर बोट लावायचं नाही, हे त्याला प्रेमानं समजावून ठेवा.

हे सारे नियम पाळले तरी एक गोष्ट उरतेच, आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. ती म्हणजे लेकराच्या शेजारी बसणं. आठवड्यातून एक भाग पुरे. बाजाराचा दिवस सोडून, भाकरी-भाजी झाल्यावर, भिंतीला पाठ टेकून बसा. मोबाइल वाटीला टेकवून मधोमध ठेवा. उपदेश करू नका. फक्त विचारा.

"हा पिवळा कोण?"

"अगुमॉन. बाबा, तुम्हाला एवढं पण माहीत नाही?"

"नाही बुवा. तू सांग. हा चांगला का वाईट?"

"चांगला. पण याला ताइचीनं जबरदस्ती केली होती ना, तर एकदा फार डेंजर झाला होता."

"मग? ताइचीनं काय करायला पाहिजे होतं?"

इथे थांबा. उत्तर तुम्ही देऊ नका. लेकरू थोडा वेळ गप्प बसेल, मग कदाचित म्हणेल, "थांबायला पाहिजे होतं." कधी त्याच्या पोटातलं दुसरंच काहीतरी बाहेर येईल, शाळेतलं, मित्रांतलं, एखाद्या सरांनी केलेल्या अपमानाचं. ताइचीच्या आडून ते स्वतःविषयी बोलत असतं. समोरासमोर बसून 'सांग, तुझं काय चाललंय?' असं विचारलं की चौदा वर्षांचं लेकरू तोंड मिटून घेतं. शेजारी बसून दोघांनी एकाच गोष्टीकडे बघितलं की तेच लेकरू भडाभडा बोलतं. वर्गात मला याचा पुन्हा पुन्हा अनुभव येतो.

सुट्टीच्या दिवशी त्याला वेरूळला घेऊन जा. आपल्यापासून ते कितीसं लांब! पंधराव्या लेण्यातल्या नरसिंहापुढे उभं करा आणि म्हणा, याची गोष्ट तुला ठाऊक आहे का? याचं रूप अगुमॉनसारखं कधी बदललं आणि कुणासाठी बदललं? प्रल्हादाची हाक ऐकून खांबातून बाहेर आलेला हा जोडीदार लेकराला लगेच कळेल. घरी येऊन वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं नरसिंह काढला, तर त्या पानावर तारीख घालून ते जपून ठेवा.

फेब्रुवारी २०२० मध्ये पहिल्या मालिकेतल्या मुलांचा एक चित्रपट जपानमध्ये आला, 'लास्ट इव्होल्यूशन किझुना'. त्यात ताइची आणि यामातो बावीस वर्षांचे आहेत. नोकरी, पुढची वाट, घराबाहेरचं आयुष्य समोर उभं आहे. आणि त्यांना कळतं, की माणूस मोठं झालं की त्याच्या डिजिमॉनची सोबत संपते. कुणी म्हणतं, मग मोठं व्हायचंच नाही, कायम लहान राहू. ताइची आणि यामातो तसं करत नाहीत. उरलेले दिवस ते जोडीदाराबरोबर घालवतात आणि मोठं होणं स्वीकारतात. हा चित्रपट मला पालकांचा वाटतो. आठवीतलं लेकरू आणखी चार-पाच वर्षं आपल्या घरात आहे. मग ते संभाजीनगरला नाहीतर पुण्याला शिकायला जाईल, आणि जायलाच हवं. त्याला धरून ठेवणं आपलं काम नाही. तोवर त्याच्या शेजारी बसणं मात्र आपल्याच हातात आहे, आणि आपण सोडलेली ती जागा कुणीतरी घेतंच. कधी पडद्यावरचा अगुमॉन, कधी एखादा भला मित्र, कधी एखादा भलताच माणूस.

म्हणून आज रात्री जेवणं झाली की विचारा, "तुझा आवडता डिजिमॉन कोणता, आणि तोच का?" त्यातलं 'तोच का' विसरू नका. त्याला तुम्हाला सांगायचंच आहे.